चिमुकल्या आगगाडीचा मुलूख

प्रदर्शनांत मांडलेली लहानशी आगगाडी पाहावयास मुलें धांवत येतात तीं एंजिनासाठीं. तें एंजिन बोगद्यांत शिरतें, पलीकडून बाहेर पडतें आणि मुलें टाळ्या पिटतात. पण मुलांच्या मागें उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसांची नजर थोड्याच वेळांत एंजिनावरून ढळते आणि फलाटावर जाऊन स्थिरावते. तेथें एक बांक असतें. बांकाशेजारीं दुधाचे उभट डबे ओळीनें ठेवलेले असतात. भिंतीला कोणी सायकल टेकून ठेवलेली असते. एंजिन वस्तुतः केवढें मोठें असतें हें पुष्कळांच्या डोळ्याला ठाऊक नसतें. बांक, बादली, सायकल, दार हीं मात्र रोजच्या सहवासानें ठाऊक असतात. म्हणून मोठेपणाचें माप एंजिन देत नाहीं, तें माप बांक देतें. बांक नसेल तर गाडी खेळणें वाटते. बांक असेल तर तिच्याभोंवतीं एक मुलूख उभा राहतो.

या बारीकसारीक वस्तूंचा इतिहास एंजिनांच्या इतिहासाइतकाच वाचनीय आहे. पत्र्यापासून निघून तो पुठ्ठा, लांकूड, शिसें आणि प्लॅस्टिक अशीं ठिकाणें घेत शेवटीं प्रकाशानें गोठविलेल्या रेझिनपर्यंत येऊन पोंचला आहे. रेझिन म्हणजे राळेच्या जातीचा कृत्रिम द्रव. त्यापासून केसाएवढ्या जाडीच्या थरांनीं वस्तु कशी घडते हें पाहण्यापूर्वीं, अशा वस्तूची गरज माणसाला कां भासूं लागली हें पाहणें अधिक उचित होईल.

जर्मनींतील गपिंगेन गांवीं १८५९ सालीं मेर्क्लिन घराण्याचा पत्र्याच्या खेळण्यांचा कारखाना सुरू झाला. बाहुल्यांच्या स्वयंपाकघरांतील भांडीं हा त्यांचा आरंभींचा माल. बाहुलीच्या घराला एकदां भांडीं घेतलीं कीं पुढच्या वाढदिवसाला आणखी भांडीं घ्यावीं लागतात, हें व्यापारी मर्म त्या घराण्याला चांगलें उमगलें होतें. १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत त्यांनीं आगगाडी मांडली ती याच तत्त्वावर. रुळांच्या रुंदीला ठराविक क्रमांक दिले. त्यामुळें या वर्षीं घेतलेल्या गाडीला पुढील वर्षीं घेतलेला रूळ बिनचूक जुळूं लागला. इंग्लंडमध्यें फ्रँक हॉर्नबी यानें १९०१ सालीं आपल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचें, म्हणजे पुढें ‘मेकॅनो’ या नांवानें जगभर गेलेल्या खेळण्याचें, पेटंट घेतलें आणि १९२० सालीं त्याच्या गाड्या बाजारांत आल्या. या गाड्यांचीं स्टेशनें पत्र्याचीं असत. विटा, खिडक्या, वेली हें सारें त्या पत्र्यावर नुसतें छापलेलें असे. मुलाच्या कल्पनाशक्तीला तेवढें पुरेसें होतें.

पुढें गाड्या लहान झाल्या आणि या लहानपणानेंच मोठा फरक घडवून आणला. १९२२ सालीं बिंग या जर्मन कारखान्यानें जेवणाच्या मेजावर मावेल अशी गाडी काढली. १९३५ सालीं ट्रिक्स व मेर्क्लिन यांच्या विजेच्या छोट्या गाड्या आल्या; १९३८ सालीं हॉर्नबीची ‘डब्लो’ आली. रुळाची रुंदी आतां साडेसोळा मिलिमीटर झाली होती. युरोप व अमेरिका येथें १:८७ हें प्रमाण रूढ झालें. इंग्लंडचीं खरीं एंजिनें आकारानें लहान असल्यामुळें त्यांच्या प्रतिकृतींत तेव्हांची मोटार मावेना; म्हणून तेथें रूळ तेवढाच ठेवून वरील डोलारा १:७६ या प्रमाणानें किंचित् मोठा करण्यांत आला. हा हिशेबांतील दोष इंग्रज हौशी मंडळींनीं आजतागायत चालवून घेतला आहे. परंतु मुख्य गोष्ट अशी, कीं ज्या जागेंत पूर्वीं केवळ रुळाचें एक वर्तुळ मावत असे, त्याच जागेंत आतां रूळ मावून वर जमीन उरूं लागली. जमीन उरली म्हणजे तिच्यावर कांहींतरी उभें करावेंसें वाटणें हा मनुष्यस्वभावच आहे.

त्या उरलेल्या जमिनीला पहिलें मोल दिलें तें लंडनच्या जॉन एहर्न यानें. त्याची ‘मॅडर व्हॅली’ ही रेल्वे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें त्याच्या राहत्या घरांत आकारास आली. मॅडर नांवाची नदी, तिच्या मुखाशीं वसलेलें मॅडरपोर्ट बंदर, हें सारें त्याच्या कल्पनेंतील होतें. मात्र घरें तशीं नव्हतीं. इंग्लंडभर हिंडून पाहिलेल्या, पुष्कळदां छायाचित्रावरून उतरून घेतलेल्या इमारती त्यानें पुठ्ठा व लांकूड यांतून उभ्या केल्या. तोंपर्यंतच्या हौशी मंडळींच्या दृष्टीनें गाडी हें चित्र व देखावा ही चौकट होती. एहर्ननें हा संबंध उलटा केला. त्याच्या मुलखांतून गाडी जात असे, इतकेंच.

एहर्नच्या कामांत आनंद आहे; रॉय इंग्लंडच्या कामांत विरह आहे. हा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ सालीं इंग्लंडला आला आणि विल्टशर व बर्कशर यांच्या सीमेवरील शुभ्राश्वाच्या खोऱ्यानें त्याच्यावर मोहिनी घातली. तेथील टेंकडीवर प्राचीन लोकांनीं खडूच्या दगडांत कोरलेला पांढरा घोडा आहे. त्यावरून त्या खोऱ्याला हें नांव पडलें. गवतानें शाकारलेलीं बुटकीं घरें, परसांतल्या भाजीचे वाफे, वळणावळणाच्या वाटा हें सर्व शतकानुशतकें जसेंच्या तसें राहिलें होतें आणि आतां त्याच्या डोळ्यांदेखत नाहींसें होत होतें. गवती छपरें उतरून त्यांच्या जागीं ॲस्बेस्टॉस चढत होतें. रस्ते रुंद होत होते. हा ओघ थांबविणें एका परक्या तरुणाच्या हातीं नव्हतें. मोजमापें घेणें मात्र हातीं होतें. त्यानें घरें मोजलीं, विटांचे रंग टिपले, दारांच्या कड्यांची टांचणें केलीं आणि तीं घरें १:७६ या प्रमाणानें पुन्हां बांधावयास घेतलीं.

पुठ्ठ्यावर एक एक वीट कोरून ती वेगळी रंगवावयाची. नळकारागीर सांध्यांत भरतात त्या अंबाडीच्या धाग्यांच्या बारीक पेंड्या बांधून छप्पर शाकारावयाचें. कांहीं घरांच्या आंत तर सामानहि मांडावयाचें, अशी त्याची व त्याच्या सहकाऱ्यांची रीत होती. एकेका घराला महिनोन् महिने लागत. १९५४ सालीं ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनम गांवीं ‘पेंडन’ या नांवानें या कामाचें संग्रहालय झालें. रॉय १९९५ सालीं वारला, तरीहि स्वयंसेवकांच्या हातून तें गांव पुढें बांधलें जात राहिलें. एहर्न १९६१ सालीं निवर्तला, त्याची ‘मॅडर व्हॅली’ देखील याच छपराखालीं सुरक्षित आहे. हौस म्हणून सुरू झालेली वस्तु अशा रीतीनें दस्तऐवज ठरली. ज्या घरांचे मूळ चौथरेहि उरले नाहींत, त्यांचें दार किती उंच होतें हें सांगणारी साक्ष कित्येकदां तेवढीच आहे.

महायुद्धानंतर मात्र हौस व कारखाना यांची गांठ पडली. जर्मनीच्या कृष्णारण्यांत १९४६ सालीं फालर बंधूंनीं उद्योग मांडला, आणि पुढें त्यांच्या प्लॅस्टिकच्या घरांच्या पेट्या देशोदेशीं जाऊं लागल्या. प्रायझर या जर्मन कारखान्याचीं इवलींशीं माणसें तशींच सर्वत्र पोंचलीं. पोलादी सांच्यांत वितळलेलें प्लॅस्टिक दाबून भरलें कीं एकासारखें एक अशीं हजारों खिडक्या-दारें मिळतात. पण सांचा महाग असतो. त्याचा खर्च हजारों गिऱ्हाइकांवर वांटला गेला तरच तो परवडतो. त्यामुळें जें पुष्कळांना हवें तेंच बाजारांत मिळूं लागलें, आणि कृष्णारण्यांतील तीच चर्च व त्याच उतरत्या छपराचीं घरें पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि दिसूं लागलीं. थोड्यांना हवी असलेली वस्तु कोणी रबरी सांच्यांत शिसें-कथलाच्या मिश्र धातूची ओती, कोणी रेझिनची ओती. तरीहि मूळ नग कोणाला तरी हातानेंच कोरावा लागे.

ही अडचण भारतांतील हौशी माणसाला जितकी जाणवली तितकी क्वचितच इतर कोणाला जाणवली असेल. बोरीबंदर ते ठाणें ही पहिली उतारूगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली ती साडेपांच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीच्या रुळावरून. १:८७ प्रमाणानें हा रूळ सवाएकोणीस मिलिमीटर भरतो. बाजारांतील साडेसोळा मिलिमीटरांचा रूळ हा युरोपांतील १४३५ मिलिमीटर रुळाचा अवतार; तो आपल्या गाड्यांना तोकडा पडतो. स्टेशनाची तर गोष्टच वेगळी. पिवळ्या फळीवर तीन भाषांत लिहिलेलें गांवाचें नांव, पिण्याच्या पाण्याच्या नळांची रांग, हमालाची हातगाडी, चहाचा ठेला, फलाटावरील पिंपळाचा पार, यांतील एकहि वस्तु जर्मन पेटींत निघण्याचा संभव नाहीं. पुण्याला कोथरूडमध्यें १ एप्रिल १९९८ रोजीं भाऊसाहेब जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय उघडलें. अशा संग्रहांनीं महाराष्ट्रांतील मुलांना ही विद्या डोळ्यांनीं दाखविली. परंतु पाहून घरीं गेलेल्या मुलाला आपल्याच गांवचें स्टेशन उभारावेंसें वाटलें, तर त्याला बाजारांत हात हालवीतच परतावें लागे.

या कोंडींतून वाट काढणारी कल्पना खेळण्यांच्या जगांतून आली नाहीं. जपानांतील नागोया येथील औद्योगिक संशोधन संस्थेंत हिदेओ कोडामा नांवाचा संशोधक काम करीत होता. प्रकाश पडला असतां घट्ट होणारीं रेझिनें त्या वेळीं छापखान्यांत ठसे करण्यासाठीं वापरांत होतीं. कोडामानें विचार केला कीं असा एक थर घट्ट केल्यावर त्यावर दुसरा, त्यावर तिसरा असे चढवीत गेल्यास ठशाऐवजीं भरीव वस्तु कां निर्माण होऊं नये? १९८० सालीं त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला, १९८१ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आणि या प्रयोगांत त्यानें प्रकाशाकडून काय घडवून घेतलें? एक चिमुकलें घर! पुढें विमानाचे भाग आणि कृत्रिम दांत घडविणारी ही विद्या जन्मतः घरकुलच मांडून बसली होती, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

पण कोडामाच्या अर्जाचे पुढील सोपस्कार वेळेंत पुरे झाले नाहींत व पेटंट त्याच्या हातून निसटलें. १९८४ च्या जुलै महिन्यांत फ्रान्समधील आंद्रे, ल मेओते व द विट या तिघांनीं याच प्रकारच्या कल्पनेचा अर्ज केला. धंद्याच्या दृष्टीनें तींत कांहीं अर्थ नाहीं असें ठरून तोहि सोडून देण्यांत आला. कांहीं आठवड्यांनींच, ऑगस्टमध्यें, अमेरिकेच्या चार्ल्स हल यानें आपला अर्ज केला. हल ज्या ठिकाणीं नोकरीस होता तेथें मेजांच्या पृष्ठावरील लेप सुकविणारे अतिनील किरणांचे दिवे होत असत. मार्च १९८३ मध्यें त्यानें याच किरणांनीं एक लहानशी वाटी थर लावून घडविली होती. त्याला ११ मार्च १९८६ रोजीं पेटंट मिळालें आणि त्याच वर्षीं त्यानें कंपनी काढली. यश हलच्या पदरीं पडलें. तथापि १९९५ सालीं इंग्लंडमधील रँक पारितोषिक कोडामा व हल या दोघांना मिळून देण्यांत आलें, आणि इतिहासानें आपली बाकी थोडीफार फेडली.

तरी हीं यंत्रें दीर्घ काळपर्यंत मोठ्या कारखान्यांपुरतींच राहिलीं. जुन्या पेटंटांची मुदत सरल्यावर, २०१२ सालीं अमेरिकेंतील फॉर्मलॅब्स या नव्या कंपनीनें मेजावर ठेवण्याजोगें लेझरचें यंत्र पुढें आणलें. लेझरचा किरण पेनाच्या टोंकासारखा प्रत्येक थर रेखून काढतो. २०१८-१९ च्या सुमारास आलेल्या स्वस्त चिनी यंत्रांनीं लेझर काढून टाकला व त्या जागीं भ्रमणध्वनीच्या पडद्यासारखा पडदा बसविला. पडद्यावर ज्या ठिकाणीं उजेड सोडावयाचा त्या ठिकाणचे ठिपके उघडतात, बाकीचे काळे राहतात, आणि पुरा थर एकदम घट्ट होतो. म्हणून एक बांक छापावयास जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळांत पृष्ठभागावर मावतील तितकीं बांकें तयार होतात. आरंभींच्या पडद्यांवर एकेक ठिपका ०.०४७ मिलिमीटरचा होता. केसाची जाडी साधारण त्याच मापाची असते.

यंत्र मिळालें म्हणून वस्तु मिळाली असें मात्र नाहीं. उदाहरणार्थ, इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या फलाटावरील बांक घ्यावें. तिच्या बांकांच्या बाजूच्या ओतींव लोखंडी चौकटीवर कंपनीचीं अक्षरें असत. पण अक्षरांचें वर्तुळाकार चिन्ह कंपनीनें १९३४ पासून घेतलें. देखावा १९२५ सालचा असेल आणि बांकावर तें वर्तुळ असेल, तर जाणत्याच्या दृष्टीनें सारें स्टेशन खोटें ठरतें. तेव्हां पहिलें काम शोधाचें: कोणत्या सालचें बांक? दुसरें मापाचें. खऱ्या बांकाची फळी पंचवीस मिलिमीटर जाड असेल तर १:७६ प्रमाणानें ती एक तृतीयांश मिलिमीटर होते. तेवढी पातळ फळी कशीबशी छापतां येते, पण बोट लागतांच मोडते. दहा मिलिमीटरची सळई तर ०.१३ मिलिमीटरची होते. ती छापली तरी धुतांना वाहून जाईल. म्हणून सळई दुपटी-तिपटीनें जाड करावयाची, परंतु जाड केल्याचें डोळ्याला कळूं द्यावयाचें नाहीं. दर्शनी कड बारीक ठेवून जाडी मागच्या अंगाला लपवावयाची. अक्षरांचा उठाव खऱ्या हिशेबानें दिसणारच नाहीं. तो मुद्दाम वाढवावयाचा. येथें मोजपट्टी थांबते व नजर काम करूं लागते. चित्रकाराला अतिशयोक्ति कोठें करावी हें कळावें लागतें, तसेंच हें आहे.

संगणकावर आकृति पुरी झाली कीं तिचे आडवे काप केले जातात. बारा मिलिमीटर उंचीच्या बांकाचे, प्रत्येक काप ०.०५ मिलिमीटरचा धरल्यास, दोनशें चाळीस काप होतात. यंत्रांत रेझिनचें उथळ भांडें असतें. त्याच्या तळाला पारदर्शक पातळ पापुद्रा आणि त्याखालीं पडदा. वस्तु उलटी, वरच्या पाटाला लोंबकळत वाढते. प्रत्येक थरानंतर पाट वर उचलला जातो, थर पापुद्र्यापासून सुटतो, पाट पुन्हां खालीं येतो. हें सुटणें हाच खरा धोक्याचा क्षण. रुंद सपाट बाजू पापुद्र्याला घट्ट चिकटते व ओढाताणींत वस्तु फाटते. म्हणून बांक तिरपें धरावयाचें आणि त्याला बारीक टेंकू द्यावयाचे. अधांतरीं सुरू होणाऱ्या भागाला टेंकू नसेल तर तो भाग तळाशीं गळून पडतो. टेंकू फार झाले तर तोडतांना व्रण राहतात. म्हणून ते दिसणार नाहींत अशा बाजूला घेणें हेंहि रचनाकाराचेंच काम.

छापून झाल्यावर वस्तु मद्यार्कांत धुवावयाची, टेंकू काढावयाचे आणि अतिनील दिव्याखालीं ती पुन्हां पक्की करावयाची. पोकळ वस्तूच्या पोटांत न सुकलेलें रेझिन राहिलें तर तें कालांतरानें भिंत फोडून बाहेर येतें. त्यासाठीं निचऱ्याचें भोंक आधींच ठेवावें लागतें. कच्चें रेझिन कातडीला अपायकारक असतें. हातमोजे व खेळती हवा यांविषयीं निष्काळजी राहणाऱ्यास कायमची पुरळ जडूं शकते. घरांतील मुलांच्या हातीं हा द्रव देऊं नये हें वेगळें सांगावयास नको.

आतां प्रश्न असा, कीं ही कला कीं यंत्राची करामत? पुठ्ठ्यावर एक एक वीट कोरणाऱ्या माणसाच्या शेजारीं यंत्रानें रात्रीत शंभर बांकें काढणाराला बसवावें काय? या प्रश्नाचें उत्तर बांकावरच लिहिलेलें आहे. चुकीच्या सालाचें बांक यंत्र तितक्याच निष्ठेनें शंभर वेळां छापतें. यंत्राला १९२५ आणि १९३४ यांतील भेद कळत नाहीं. कोणती फळी जाड करावी, कोणती सळई सोडून द्यावी हेंहि कळत नाहीं. यंत्रानें हाताचे कष्ट वांचविले, पाहण्याचे कष्ट वांचविले नाहींत. शिवाय सारें यंत्रानें होतें असेंहि नाहीं. रेझिनचें छापलेलें गवती छप्पर दगडासारखें दिसतें. तेथें अंबाडीचे धागेच हवेत. आणि रंग तर हातानेंच द्यावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या जॉन ॲलन यानें आपल्या प्रसिद्ध रेल्वेवर गंज, काजळी व पावसाचे ओघळ रंगवून जुनेपणाची किंमत जगाला पटवून दिली. १९७३ च्या जानेवारींत तो वारला आणि थोड्याच दिवसांत आगीनें ती रेल्वेहि नेली. राहिलीं तीं छायाचित्रें. हातानें केलेली वस्तु एकदांच होते व एकदांच जळते. आकृति मात्र पुन्हां छापतां येते, हा नव्या विद्येचा लहानसा गुण नव्हे.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें या हिशेबांत एक सुखद गोष्ट दडलेली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यानें १८९७ सालीं सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुळाची होती. १:८७ प्रमाणानें तो रूळ पावणेनऊ मिलिमीटर भरतो, आणि बाजारांत नऊ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. मोठ्या गाडीला न जुळणारा बाजार बार्शीच्या गाडीला असा जवळजवळ अचूक जुळतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तो मार्ग रुंद झाला. पंढरीच्या वारकऱ्यांना घेऊन जाणारी ती छोटी गाडी गेली. रूळ विकत मिळेल. मात्र तिच्या स्टेशनांवरील बांक, कंदील, तिकिटाची खिडकी विकत मिळणार नाहीं. एखादी जुनी वस्तु कोठें कोपऱ्यांत उरली असेल तर ती मोजून घ्यावी लागेल, आणि ज्यांनीं तीं स्टेशनें पाहिलीं ते म्हातारे आहेत तोंवर त्यांना विचारून घ्यावें लागेल. शुभ्राश्वाच्या खोऱ्यांत रॉय इंग्लंड प्रथम गेला तेव्हां त्याच्यापाशीं यंत्र नव्हतें. मोजपट्टी व वही होती. दोनशें चाळीस थरांचें बांक आजहि तेथूनच सुरू होतें.